ॲरॉनच्या बॅगेतला चेंडू

१

ॲरॉन डाबरेच्या बॅगेतून तो चेंडू निघाला, तेव्हा मैदानात शारजाच्या पोरांचा नाच चालला होता. राष्ट्रीय आंतर-महाविद्यालयीन बेसबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी त्यांनी नुकतीच मारली होती, आणि ती ॲरॉनच्या डाव्या हाताने मारली होती. उद्या, रविवारी चार वाजता, याच दुबईच्या मैदानावर अंतिम सामना. सगळ्या सीझनचा शेवट.

कुंदाताई टिपणीस या स्पर्धेच्या अधिकृत स्कोअरर. आठवडाभर शारजातल्या एका शाळेत गणित शिकवायचं आणि शनिवार-रविवार इथे येऊन वही भरायची. आडनावाला जागलेली बाई, असं लोक म्हणत. पिचरने, म्हणजे क्रिकेटमधला गोलंदाज समजा, टाकलेला प्रत्येक चेंडू त्या टिपत. स्पर्धेचा नियमच तसा होता. पोरांच्या खांद्यांची काळजी म्हणून एका पिचरने दोन दिवसांत मिळून एकशेवीसपेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत. आजची चिठ्ठी त्यांनी भरली होती, "ॲरॉन डाबरे, ब्याऐंशी", आणि ती द्यायला त्या अंपायरच्या खोलीकडे निघाल्या होत्या. तेवढ्यात मुख्य अंपायर रशीदाच समोरून तरातरा येताना दिसली. तिच्या हातात एक कागद होता.

"किसी ने दरवाज़े के नीचे से डाला," रशीदा म्हणाली. कागदावर इंग्रजीत टाइप केलेली एकच ओळ होती. ॲरॉनची बॅग तपासा.

बॅगा डगआऊटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या पडवीच्या मागे, कुंपणाला टेकून ओळीने पडल्या होत्या. दुपारभर कोणीही यावं, कोणीही जावं. रशीदाने सगळ्यांसमोर ॲरॉनची बॅग उलटी केली. मोजे पडले, जपमाळ पडली, अर्धं केळं पडलं, आणि शेवटी टॉवेलात गुंडाळलेला एक चेंडू आणि पॉलिश पेपरची एक पट्टी.

चेंडू एका बाजूने खरवडून काढलेला होता. असा चेंडू हवेत वेडावाकडा वळतो. बेसबॉलमध्ये याला सरळ सरळ लबाडी म्हणतात.

नाच थांबला. "That's not mine," ॲरॉन म्हणाला. त्याचे प्रशिक्षक ऑस्कर घोन्साल्विस रशीदाशी हुज्जत घालू लागले, पण रशीदा ऐकणारी नव्हती. उद्या दोन वाजता समितीपुढे सुनावणी. तोवर ॲरॉन बाहेर. संघ खेळेल, ॲरॉन नाही.

प्रेक्षकांत पुढच्या रांगेत जपानमधल्या एका विद्यापीठाचे प्रशिक्षक बसले होते. ॲरॉनला उद्या बघून, जमलं तर आपल्याकडे घेऊन जायला आले होते. त्यांनी आपली छोटी वही मिटली आणि खिशात घातली. ते कुंदाताईंनी पाहिलं, आणि ॲरॉनच्या आईनेही पाहिलं. सुझी डाबरे, मूळची वसईची, इथे हॉटेलात हाउसकीपिंगला. तिने धावत येऊन कुंदाताईंचा दंडच धरला.

"कुंदाताई, तुम्ही तर सगळं लिहिता ना? माझा पोरगा असं करील? बोला ना!"

ब्याऐंशीच्या ब्याऐंशी चेंडू कुंदाताईंनी डोळ्यांत तेल घालून पाहिले होते. त्यांतला एक जरी खोटा असेल तर त्यांची वहीही खोटी. आणि कुंदाताईंची वही आजवर खोटी ठरली नव्हती.

"उद्या दोनपर्यंत वेळ आहे, सुझी," त्या म्हणाल्या. "मी बघते."

२

शारजाला परत जाताना कुंदाताई नेहमीप्रमाणे वासुदेव मिराशींच्या गाडीत बसल्या. चार सीझन हा रिवाज होता. मिराशी शारजाच्या संघाचे मॅनेजर. बस ठरवायची, पाण्याच्या बाटल्या आणायच्या, पोरांना सँडविचं वाटायची, सामान गाडीच्या डिकीत वाहायचं. त्यांचा मुलगा तनिष त्याच संघातला दुसरा पिचर. तो मागच्या सीटवर कानांत इअरफोनची बोंडं खुपसून बसला होता.

रस्ता रोजच्यासारखा तुंबला होता. गाडी हातभर पुढे जाई आणि थांबे.

"ही नवी जीन्स कधी घेतलीत?" कुंदाताईंनी विचारलं. मनातला गोळा जरा हलका करायला काहीतरी बोलायला हवं होतं. "सगळा निळा रंग सीटला लागलाय. वहिनी बघतील तर धुलाई होईल, सीटची नाही, तुमची."

मिराशी हसले. डब्यातलं एक सफरचंद काढून त्यांनी मांडीवर दोनदा घासलं, चकचकीत केलं आणि कुंदाताईंना दिलं. "खा. सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या."

माणूस भला होता, यात वाद नव्हता. मुंबईत विद्यापीठाच्या क्रिकेट संघात तीन वर्षं बारावा खेळाडू होता. तीन वर्षं पाणी नेलं, एक दिवस मैदानात उतरला नाही. ही कहाणी कुंदाताईंनी याच रस्त्यावर, याच गर्दीत, किमान वीस वेळा ऐकली होती.

"वाईट झालं पोराचं," मिराशी म्हणाले. "पण कुंदाताई, खरं सांगू? तीन तास तोच चेंडू घासत बसला असणार तो. अंपायरला कसं दिसलं नाही, कमाल आहे. ऑस्करने यादी लावली तेव्हाच मी म्हटलं होतं, एकाच पोरावर एवढा भार नको. आता बघा, तनिषला घ्यावं लागेल."

"Dad, stop," मागून तनिष म्हणाला. एक बोंड काढलेलं होतं. "I was always in relief. I told you on Friday."

"रिलीफ म्हणे! बाकावर बसायला इंग्रजीत काय छान नाव आहे."

"It's not... forget it." बोंड परत कानात गेलं.

कुंदाताईंचं अर्धं लक्ष तिथे नव्हतंच. त्या मनात यादी करत होत्या. ॲरॉन बाहेर गेला तर कोणाचं भलं? उद्या समोर खेळणाऱ्या अबूधाबीच्या संघाचं, म्हणजे त्यांचा कर्णधार फहदचं. आणि तनिषचं. आणि ऑस्करचं? ऑस्करचं तर नुकसानच. पण ॲरॉनने जपानला जावं हे ऑस्करला मनापासून हवं आहे का, हे कोणी विचारलंय?

इमारतीखाली उतरताना मिराशींनी विचारलं, "उद्या नेहमीच्या वेळी?"

"नाही. मी टॅक्सीने जाते, लवकर."

एरवी टॅक्सीला हात न करणारी ही बाई. मिराशींच्या भुवया वर गेल्या.

३

रविवारी सकाळी साडेनऊला कुंदाताई मैदानावर हजर. सुझी आणि ॲरॉन आधीच येऊन कुंपणाजवळ बसले होते.

"आज चर्चला, मिस्सेलापण गेले नाही," सुझी म्हणाली. "देव समजून घेईल. इंटरनॅशनल सिटीतून पहिली बस पकडली."

"ॲरॉन, एक प्रश्न. मराठीतून, इंग्रजीतून, कसंही सांग. बॅग कधी उघडलीस?"

"Before the game only. मोजे घेतले. Ball नव्हता." त्याने मान वर केली. डोळे सुजलेले होते. "Aunty, why would I scuff it? They weren't hitting me anyway."

गर्व नव्हता त्यात, हिशेबच होता. काल समोरच्यांना दोनच फटके मिळाले होते, ते वहीत होतं. ज्याला समोरचे खेळूच शकत नाहीत तो लबाडी कशाला करील?

दहा वाजता अबूधाबीचा संघ बसमधून उतरला. फहद उंच, दाढीवाला, हसरा. त्याचं कुटुंब लाहोरचं, जन्म खलिफा सिटीतला. कुंदाताईंनी त्याला बाजूला घेतलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "काल तू इनके बैग के पास गया था. मैंने देखा."

"टेप माँगने गया था, मॅडम. बल्ले की टेप." तो चिडला नाही. "आप सोच रही हैं मैंने रखा. मैं तो चार साल से उसी को मारना चाहता हूँ. पिछले साल उसने मुझे तीन बार बिठाया. आज वो नहीं खेला और हम जीत गए, तो घर जाके क्या बोलूँगा? कि ट्रॉफी मिली?"

"पहले क्रिकेट खेलता था ना तू?"

"सब खेलते थे, मॅडम. चार साल पहले छोड़ दिया."

ऑस्कर मैदानात चुन्याच्या रेषा बघत होते. मूळचे वांद्र्याचे, लहानपणापासून सॉफ्टबॉल खेळलेले, आयुष्यात कधी क्रिकेटची बॅट न धरलेले एक दुर्मिळ मुंबईकर.

"कुंदाताई, मला जे विचारायचं ते विचारा," ते म्हणाले. "मी ॲरॉनला बाराव्या वर्षी हातात घेतला. त्याच्या बापाचं पत्र आहे माझ्याकडे, वारण्यापूर्वी लिहिलेलं. त्या जपानी सरांना इमेल मीच केली. आज पहिल्या इनिंगला तो उभा राहिला नाही तर मी परत कोचिंग करणार नाही. खलास."

त्यांचा आवाज फुटला. कुंदाताईंनी मान फिरवली, कारण मोठ्या माणसाचं रडणं बघू नये.

राहिला तनिष. तो वडिलांबरोबर अकरा वाजता आला आणि कुंदाताईंना बघून स्वतःच पुढे झाला. रात्रभर न झोपलेला चेहरा.

"Everyone thinks it's me, Aunty. Even Oscar sir didn't look at me."

"तूच आहेस का?"

"No!" तो एकदम ओरडला आणि मग हळू झाला. "I don't need him out. You of all people know that. Just look in your book."

सरावाची शिट्टी झाली आणि तो पळाला. कुंदाताईंनी वही उघडली, चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा वाचला आणि मनातल्या मनात एक वजाबाकी केली. पोरगं खरं बोलत होतं. त्याच्याकडे कारणच नव्हतं. ऑस्करकडे नव्हतं. फहदकडे होतं, पण तो असं करील हे पटत नव्हतं. म्हणजे यादी संपली होती आणि चोर सापडला नव्हता.

आता फक्त तो चेंडू उरला होता.

४

रशीदा आपल्या खोलीत खाली बसून कोपरापर्यंत चिखलात माखली होती. पुढ्यात पाच डझन नवे चेंडू आणि एका डब्यात करडा चिखल. उम्म अल कुवेनच्या खाडीतून ती दर सीझनला तो घेऊन येई. कोरा चेंडू गुळगुळीत असतो, बोटांतून सटकतो. म्हणून सामन्याआधी अंपायर प्रत्येक चेंडूला थुंकी आणि चिखल लावून चोळतात, त्याची चकाकी मारतात. जगभर हीच रीत. सामन्यात जो चेंडू येतो तो रशीदाच्या हातून मळूनच येतो, आणि पिचरला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

"कल वाला चेंडू देखना है," कुंदाताई म्हणाल्या.

"कमिटी का सबूत है, मॅडम."

"मैं खाऊँगी नहीं."

रशीदाने तोंड वाकडं केलं, पण कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. कुंदाताईंनी चेंडू हातात घेतला. मातीने लालसर झालेला, एक गाल पॉलिश पेपरने खरवडलेला. त्यांनी पर्समधला ओला टिश्यू काढला आणि चेंडू पुसला.

माती सगळी टिश्यूवर आली. खाली चेंडू पांढराशुभ्र.

त्यांनी रशीदाच्या पुढ्यातला एक चोळलेला चेंडू उचलला आणि तोही पुसला. टिश्यू कोरडा झाला तरी चेंडू करडाच राहिला. चिखल चामड्यात मुरलेला होता. दोन्ही चेंडू त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि रशीदाकडे पाहिलं.

रशीदाने हात झटकले आणि वाकून पाहिलं. "या अल्ला. ये मेरे हाथ का नहीं है."

"म्हणजे कालच्या सामन्यात हा चेंडू खेळलाच नाही. कुणीतरी कोऱ्या डब्यातून काढला, घासला, मातीत लोळवला आणि बॅगेत टाकला."

"मॅडम, ठीक है. पर कमिटी बोलेगी, घर पे सीख रहा होगा. बैग तो उसी का है ना."

कुंदाताईंनी दात ओठ खाल्ले, पण बोलणं बरोबर होतं. चेंडू खेळला नाही हे सिद्ध झालं, ॲरॉन निर्दोष हे नाही. घड्याळात एक वाजायला आला होता. त्यांनी चेंडू पुन्हा फिरवला. एक बाजू खरवडलेली. आणि दुसरी? दुसरी नुसती गुळगुळीत नव्हती, घासून घासून चमकवलेली होती. खिडकीजवळ नेली तर त्या चमकेवर निळसर झाक दिसली.

"रशीदा, आपल्या खेळात चेंडूची एक बाजू कोणी चमकवतं का?"

"कौन पागल चमकाएगा? ग्रिप जाएगी. मैं तो चमक मारने के लिए ये सारा कीचड़ लगाती हूँ!"

ॲरॉन हे करणार नाही. फहदने चार वर्षांपूर्वी क्रिकेट सोडलं असलं तरी चार वर्षं रशीदाच्या हातचे चेंडू खेळलाय, तोही करणार नाही. एक बाजू खडबडीत आणि एक बाजू चकचकीत ठेवणं ही क्रिकेटवाल्याची सवय, आणि तीही अशा क्रिकेटवाल्याची ज्याने बेसबॉल फक्त लांबून पाहिलाय. असा माणूस चेंडू हातात आला की विचार करत नाही. हात आपोआप मांडीवर जातो.

कुंदाताईंना कालचं सफरचंद आठवलं.

५

मिराशी पार्किंगमध्ये गाडीतून पाण्याचे खोके उतरवत होते. "कुंदाताई! जेवलात का?"

"तुमच्या डिकीत सरावाच्या चेंडूंचा नवा डबा आहे ना? गुरुवारी आलेला. बघू."

मिराशींचा हात खोक्यावरच थांबला. मग त्यांनी डबा पुढे केला. सील फोडलेलं होतं. डझनाचा डबा, आत अकरा.

"तनिषने..." मिराशी बोलायला लागले.

"हं. तनिषने घेतला असेल? चला, विचारू या त्याला. कमिटीसमोर विचारू."

उन्हात उभा असलेला तो माणूस कुंदाताईंच्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला. "नको," ते म्हणाले. "त्याचं नाव नको. त्याला काही माहीत नाही."

"मग माहीत कोणाला आहे, वासुदेवराव?"

मग कुंदाताईच बोलू लागल्या. आवाज चढवला नाही, फळ्यावर गणित सोडवावं तशा एकेक पायरी सांगत गेल्या. "चेंडूला रशीदाचा चिखल नाही. पिचरला, कोचला, फहदला, सगळ्यांना माहीत असतं की सामन्यातला चेंडू मळका असतो. ज्याने कधी हातात घेतला नाही त्यालाच ते माहीत नाही. चेंडूची एक बाजू चमकवलीय, त्या चमकेला निळा रंग लागलाय, जसा तुमच्या सीटला लागलाय. खेळाडूंच्या विजारी पांढऱ्या आणि करड्या. आणि काल गाडीत तुम्ही म्हणालात, तीन तास तोच चेंडू घासत बसला असेल. काल रशीदाने त्रेचाळीस चेंडू बदलले, वासुदेवराव. मातीला लागला की बदल, कुंपणाबाहेर गेला की बदल. असं बोलणारा माणूस चार वर्षं इथे बसून क्रिकेटच बघत होता."

मिराशी गाडीच्या कडेवर बसले. "तीन वर्षं पाणी नेलंय मी," ते हळूच म्हणाले. "शुक्रवारी दोन्ही दिवसांची यादी लागली. ॲरॉन पहिला. तनिष राखीव. माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली हो. ते जपानवाले एकदाच येणार. म्हटलं, माझ्या पोरानेही बारावाच राहायचं? ॲरॉनला अजून शंभर संधी मिळतील..."

"त्याचा कॉलेजचा हा शेवटचा सामना आहे. त्याला वडील नाहीत. सुझी दिवसाला अठरा खोल्या आवरते." कुंदाताईंच्या आवाजाला आता धार आली होती, आणि ती त्यांना लपवायची नव्हती. "आणि ऐका, हे सगळ्यात वाईट आहे म्हणून शेवटी सांगते. ॲरॉनने काल ब्याऐंशी चेंडू टाकले. दोन दिवसांत एकशेवीसच टाकता येतात. आज त्याचे उरलेत अडतीस. सातांपैकी फार तर तीन इनिंग्ज. ऑस्कर त्याला आधी उतरवणार होता तो जपानी सरांनी सुरुवात बघावी म्हणून. त्यानंतर सामना संपेपर्यंत कोण टाकणार होतं?"

मिराशींनी मान वर केली.

"रिलीफ म्हणजे बाक नव्हे. क्रिकेटमध्ये बाराव्याला चेंडू टाकता येत नाही, इथे येतो. अर्ध्याहून जास्त फायनल तनिषचीच होती. तो तुम्हाला शुक्रवारी सांगत होता. काल माझ्यासमोर सांगत होता."

खोक्यातली एक बाटली घरंगळत गाडीखाली गेली. कोणी वाकलं नाही.

"त्याला सांगू नका," मिराशी म्हणाले. "पाया पडतो."

"मी सांगणारच नाही. तुम्ही सांगायचं. आधी त्याला, मग रशीदाला. दोनला वीस मिनिटं कमी आहेत." कुंदाताईंनी चेंडूंचा डबा काखेत मारला. "दोनला तुम्ही खोलीत दिसला नाहीत तर मी सांगेन. चार सीझनची ओळख आहे, म्हणून ही वीस मिनिटं."

६

दोनला दोन मिनिटं असताना मिराशी खोलीत आले. मागे तनिष होता. दारात थांबला, आत आला नाही. मिराशींनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ॲरॉनला अजून आत बोलावलं नव्हतं. समितीने त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं आणि त्यांना मैदानाच्या फाटकाबाहेर जायला सांगितलं. ते गेले.

"काल सगळ्यांसमोर बॅग उलटी केली होती," कुंदाताई रशीदाला म्हणाल्या. "आज सगळ्यांना ऐकू जायला हवं."

साडेतीनला भोंग्यावरून रशीदाचाच आवाज आला. ॲरॉन डाबरेवरचा आरोप खोटा होता, तो खेळणार, आणि समिती त्याची माफी मागते. सुझी खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. जपानी प्रशिक्षकांनी खिशातून वही काढली. अबूधाबीच्या डगआऊटमधून फहद एकटाच चालत पलीकडे आला, ॲरॉनच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "यल्ला, अब बॉल डाल," आणि परत गेला.

ॲरॉनने अडतीस चेंडू टाकले. असे टाकले की कुंदाताईंना वहीतून डोळे वर काढायला फुरसत मिळाली नाही. समोरच्यांना एक फटका, शून्य धावा. तिसऱ्या इनिंगला दोन बाद असताना रशीदाने हात वर केला. कोटा संपला.

ऑस्करने तनिषकडे पाहिलं. तनिष बाकावरून उठेना. मान खाली, हात गुडघ्यांत. सगळ्या संघाला एव्हाना ठाऊक होतं.

तेव्हा ॲरॉनच मैदानातून आत आला. त्याने तनिषचा ग्लव्ह उचलून त्याच्या मांडीवर टाकला. "You didn't do it," तो म्हणाला. "I know you didn't. Now get up, man, I can't throw any more."

तनिष उठला. पहिले चार चेंडू चारी दिशांना गेले. कुंदाताईंनी तेही टिपले, कारण वहीला दया नसते. पुढचे मात्र सरळ गेले. सातव्या, शेवटच्या इनिंगला, दोन धावांची आघाडी, तीनपैकी दोन बाद, आणि बॅट घेऊन समोर फहद. शेवटच्या चेंडूवर फहदने जीव खाऊन बॅट फिरवली. ती वाऱ्यालाच लागली.

शारजा जिंकलं. पोरं एकमेकांवर पडली. जपानी प्रशिक्षक कुंपणापाशी आले आणि ॲरॉनला, आणि सुझीलाही, कमरेत वाकून नमस्कार करून त्यांच्याशी बोलू लागले. ऑस्कर दुभाष्याची वाट न बघता नुसतेच मान डोलवत होते.

कुंदाताईंचा फोन मघापासून थरथरत होता. सामना चालू असताना त्या फोन घेत नसत. आता त्यांनी घेतला.

"बाहेरून काही कळत नाही हो," मिराशी म्हणाले. "नुसता आरडाओरडा ऐकू येतो. कोण जिंकलं?"

"आपण."

"शेवटचा चेंडू कोणी टाकला?"

"तनिषने. चार इनिंग्ज आणि वर एक बळी, सगळं त्यानेच टाकलं."

"एकही बघायला मिळाला नाही मला," ते म्हणाले.

कुंदाताईंना राग होता, तो गेला नव्हता. समोर तनिष उभा होता, घामाने निथळत, कोणाचा फोन आहे हे ओळखून. त्यांनी फोन पुढे केला.

त्याने तो घेतला. 

"Dad," तो म्हणाला. "Stay there. मी बाहेर येतोय. ॲरॉनला घेऊन येतोय. Committee ला सांगितलंत, त्याला नाही सांगितलं. ते तुम्ही त्याच्यासमोर सांगायचं, मी उभा असताना."

फोन परत देऊन तो कुंपणापाशी गेला आणि ॲरॉनच्या कानाशी काहीतरी बोलला. ॲरॉनने आईकडे पाहिलं. सुझीने डोळे पुसले आणि मान हलवली. मग दोघं पोरं मैदान आडवं ओलांडून फाटकाकडे चालू लागली.